बंद ट्रेलरमधला तिसरा नग

आयर्लंडमध्ये स्नोमोबाइलचा काहीही उपयोग नसतो. आमच्या गॅरेजमध्ये दोन होत्या.

स्नोमोबाइल ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: पुढे घसरायला दोन पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा फिरणारा पट्टा आणि वर मोटरसायकलची सीट. बर्फावरून सुसाट जाते म्हणे. आमच्या नावन गावात बर्फ पडलाच, तर दुपारपर्यंत पोरं त्याचा एक माणूस करतात, आणि त्यातही निम्मं गवतच असतं.

गाड्या माझ्या नव्हत्या. युहानी नावाचा एक फिनलंडचा इंजिनिअर आमच्या कारखान्यात माझ्या शेजारी बसायचा. आयर्लंड नकाशात बराच वर दिसतो, एवढ्या एका पुराव्यावर तो घरच्या सामानाबरोबर या दोन गाड्याही घेऊन आला! दोन हिवाळे खिडकीतून पाऊस बघितला आणि परत गेला. जाताना म्हणाला, "सोय होईपर्यंत तुझ्या गॅरेजमध्ये ठेवू?" मी म्हणालो, "ग्रँड." (या देशात 'ग्रँड'चा अर्थ हो, चालेल, ठीक आहे, आणि जीव गेला तरी हरकत नाही, असा काहीही होतो.)

हरकत होती ती माझ्या बायकोची. मीनल ड्रोहेड्याच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, पण खरी ती टेबल टेनिसची खेळाडू. पुण्यात असताना कॉलेजकडून खेळायची. गॅरेजमध्ये मांडायचं म्हणून तिनं हौसेनं टेबल विकत घेतलं होतं, आणि ते खोक्यातून बाहेरही न निघता सोफ्यामागे उभं होतं. पाहुणे विचारायचे, "हे काय?" मीनल म्हणायची, "माझं टेबल टेनिस. सुधीरच्या मित्राच्या गाड्या निघाल्या की सुरू होईल." हे ती हसून सांगायची. मला ते हसणं अजिबात आवडायचं नाही.

शेवटी एका उन्हाळ्यात युहानीचा फोन आला. तो कुटुंबासकट गाडीनं केरीला सुट्टीवर येणार होता आणि रॉसलेअरच्या बंदरातून बोटीनं परत जाणार होता. "एक चांगला ट्रेलर बघून ठेव. बंदरावर आणून दिलास की मी माझ्या गाडीला जोडीन आणि थेट फिनलंडपर्यंत ओढत नेईन. निवड तूच कर, तू क्वालिटीतला माणूस." हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं.

आमच्या कारखान्यात हृदयात घालायच्या नळ्या बनतात, आणि त्या तपासण्याचं काम माझं. संशय घेण्याचा मला पगार मिळतो. मीनल म्हणाली, "साधा उघडा ट्रेलर बघ, वरून ताडपत्री." मी तिला समुद्रावरचा खारा वारा, रस्त्यावरचं मीठ, उडणारे खडे आणि युरोपातले चोर असा चौफेर धोका समजावून सांगितला. ट्रेलर बंदच हवा! दोन आसांचा हवा, स्वतःचे ब्रेक हवेत, मागचं दार खाली टेकवून त्यावरून गाड्या चढवता यायला हव्यात, पट्टे बांधायला जमिनीत कड्या हव्यात. महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

त्यातच अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगलीहून आमच्याकडे आले होते. अण्णांचा सारा जन्म हळदीच्या अडतीत गेला. ट्रक भरायचा, दार लावायचं, पत्र्यावर थाप द्यायची आणि गाडी सोडायची. एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे जाऊ दे. सांगलीच्या मार्केट यार्डात हा कायदा आहे. आयर्लंडमध्येही तो लागू असावा, असं अण्णा गृहीत धरून चालले होते.

दोन ट्रेलर शेवटच्या फेरीत आले. पहिल्याच्या बाजूला एक छोटं दार होतं आणि त्याला आतूनही उघडायची मूठ होती. विकणारा शेतकरी कौतुकानं ती दाखवू लागला, तेव्हा मी मराठीत अण्णांकडे वळून म्हणालो, "ही काय कामाची? स्नोमोबाइल काय आतून दार उघडून बाहेर येणार आहेत?" अण्णा पोट धरून हसले. मीही हसलो. त्या दिवशी मी फारच विनोदी होतो.

दुसरा ट्रेलर म्हणजे तिजोरीच! आतून चहूबाजूंनी प्लायवूड, खिडकी नाही, हवेला वर दोन झरोके, आणि मागच्या एकमेव दाराला बाहेरून लोखंडी अडसर. अण्णांनी दारावर थाप देऊन पाहिली. "पत्रा जाड हाय. आवाज बग कसा खणखणीत येतोय." झालं, सौदा ठरला. मी त्याला एक कुलूप आणलं, कुठल्याही कटरनं तुटणार नाही असं. इतकं आवडलं की तसलंच दुसरं गॅरेजलाही लावलं.

फक्त एक अडचण होती. एवढा जड ट्रेलर ओढायला इथे वेगळी परीक्षा द्यावी लागते. मी दिली. रिव्हर्स घेताना मी डावीकडे वळलो की ट्रेलर उजवीकडे जायचा, उजवीकडे वळलो की परीक्षक डोळे मिटायचा. मीनल पहिल्या फटक्यात पास झाली. तेव्हा असं ठरलं की रॉसलेअरला मीनल गाडी नेईल, सोबत क्लीनर म्हणून अण्णा, आणि मी घरी थांबून आमच्या लेकीला, इराला, कमोगीच्या मॅचला नेईन. (कमोगी हा इथला मुलींचा खेळ. प्रत्येकीच्या हातात काठी असते आणि पालकांनी फार जवळ उभं राहायचं नसतं.)

सकाळी गाड्या चढवल्या, पट्टे आवळले, रिकाम्या गॅरेजला कुलूप घातलं. त्याआधी अण्णांना मी आठवडाभर शिकवलं होतं, "दार उघडं दिसलं की लावायचं, अडसर घालायचा, कुलूप ठोकायचं. विचारत बसायचं नाही." मीनल गाडीत बसली, मी हात हलवून निरोप दिला, आणि घराकडे वळता वळता मला वाटलं, डावीकडचा पट्टा एकदा बघून घ्यावा. आत शिरलो. गाड्यांच्या मध्ये वाकलो.

अण्णांना दार उघडं दिसलं.

अंधार झाला, अडसर सरकला, कुलूप वाजलं. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला. मी घाबरलो नाही. मी शांतपणे दारावर हात मारला: धप, धप!

पुढचं मला नंतर कळलं. अण्णा गाडीत बसत होते. थापा ऐकून म्हणाले, "सुध्यानं दोन थापा दिल्या. सोड गाडी, पोरी!"

गाडी सुटली.

आत ओरडून उपयोग नव्हता. प्लायवूड मीच निवडलेलं. गाडी पळत असताना चाकांच्या आवाजात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. म्हटलं, थांबल्यावर बघू. नावनच्याच सिग्नलला थांबली. दोन थापा म्हणजे जाऊ दे, हे एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं. (अखेर मीही सांगलीचाच.) म्हणून मी एकच थाप दिली, सणसणीत.

"थांब म्हनतोय कोन तरी," पुढे गाडीत अण्णा म्हणाले.

"अण्णा, सिग्नल लाल आहे, थांबलेच आहे मी."

मी वाट बघितली. कोणी येईना. सिग्नल हिरवा झाला असावा, मागून हॉर्न वाजायला लागले. माझा धीर सुटला आणि मी आणखी एक थाप दिली.

"हां, दुसरी पडली! जाऊ दे."

मग टोलनाका आला. इथे मी शास्त्र सोडून दिलं आणि हातापायांनी जमेल तसं बडवलं. टोलवाल्यानं खिडकीतून मान बाहेर काढली. या देशात बंद ट्रेलरमध्ये धडपड झाली तर त्याचा अर्थ एकच.

"घोडा अवखळ दिसतोय तुमचा," तो म्हणाला.

"घोडा नाही, स्नोमोबाइल आहेत," मीनल म्हणाली.

त्यानं बाहेरच्या उन्हाकडे बघितलं, मीनलकडे बघितलं, आणि "ग्रँड" म्हणून फाटक उघडलं. मीनलला वाटलं पट्टा सैल झाला असेल, पुढे सर्व्हिस स्टेशनला बघू. आणि बोट गाठायची होती! ही बोट चुकली तर युहानी पुन्हा कधी येणार, आणि ते टेबल सोफ्यामागून कधी निघणार, याची तिला त्या वेळी माझ्यापेक्षा जास्त काळजी होती. माझी काळजी करायचं तिला तसं काही कारणही नव्हतं.

इकडे वळणावळणाला मी एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर आपटत होतो. त्यात झरोक्यांतून वारा असा यायचा की दात वाजायला लागले. घरातली पातळ विजार आणि बनियन, एवढाच माझा पोशाख. चाचपडताना युहानीचं सामान हाताला लागलं: बर्फात घालायचा जाडजूड सूट आणि हेल्मेट. दोन्ही चढवलं. हातातला घरच्या किल्ल्यांचा जुडगा हरवायला नको, म्हणून सूटच्या चेनवाल्या खिशात टाकला, आणि सीटवर मांड ठोकून हँडल धरून बसलो. स्नोमोबाइलवरून आयर्लंड ओलांडणारा मी बहुधा पहिलाच माणूस.

पुढे गाडीत इराचा फोन आला. आमच्या इराला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र ती आमच्या मीथ जिल्ह्याच्या इंग्रजीत देते आणि आईला 'मॅम' म्हणते. "मॅम, बाबा इज गॉन."

"गेला असेल दूध आणायला."

"हिज फोन इज हिअर. हिज शूज आर हिअर."

"मग तुझ्या मॅचचं काय?"

"ब्रीज नेक्स्ट डोअर इज टेकिंग मी, आय'म ग्रँड. बट बाबा इज, लाइक, गॉन गॉन."

अण्णा म्हणाले, "बायकू भायेर गेली की पुरुष मानूस जरा हिंडतोच."

गोरी गावाच्या अलीकडे सर्व्हिस स्टेशनला गाडी थांबली. मी आता ठरवूनच एक थाप दिली आणि दुसरा हात पहिल्या हातानं घट्ट धरून ठेवला. बाहेर शेजारी एक म्हातारा शेतकरी चहा पीत उभा होता. त्यानं थाप ऐकली, कान लावला, आणि मीनलवर असा काही चिडला!

"बाई, आतलं जनावर हालात आहे. तुम्ही त्याला पाणी तरी दाखवलंत का?"

"अहो, जनावर नाहीच आहे आत!"

"ऐका की जरा! हे कण्हतंय."

(मी तिला हाका मारत होतो.)

म्हातारा हलायला तयार नाही. चार माणसं जमली. कुणी बादली आणली, कुणी गाजर. अण्णांनी कुलूप काढलं, अडसर सरकवला आणि दार खाली टेकलं. भर उन्हात, हेल्मेट आणि बर्फाचा सूट घातलेला मी त्या उतारावरून पायमोज्यांनिशी खाली आलो.

बादलीवाल्यानं बादली खाली ठेवली. मग म्हातारा म्हणाला, "घोडा नाही, हे खरं आहे." आणि गाजर त्यानं स्वतःच खाल्लं.

मी हेल्मेट काढलं. मीनल आधी पांढरी पडली, मग तिनं मला घट्ट मिठी मारली, मग ती जी हसायला लागली ती थांबेचना. अण्णा खजील झाले होते. "आरं, मग दोन थापा कशापायी दिल्यास?"

"मग किती द्यायच्या होत्या? तीन?"

"तीन कुनी देत न्हाई. तीन म्हंजे नुसता दंगा."

मला घरी जावंसं वाटत होतं. मीनलनं घड्याळ बघितलं. "सुधीर, तू गाडीत बस नाहीतर परत ट्रेलरमध्ये बस. मी बोट चुकवणार नाही." मी गाडीत बसलो, तोही सूट घालूनच. खाली नुसतं बनियन होतं.

बंदरावर युहानी वाट बघत होता. स्वतःचा सूट घालून मी समोर आलेला पाहून त्याचे डोळेच भरून आले. त्याला तो निरोप देण्याचा भारतीय प्रकार वाटला. अण्णांनी मला अंगातला शर्ट दिला आणि स्वतः कोट घातला, मी सूट काढून नीट घडी करून आत ठेवला, ट्रेलर त्याच्या गाडीला जोडला, ट्रेलरची किल्ली त्याच्या हातात दिली. अण्णा म्हणाले, "आता थापा तू दे. तुजाच हक्क हाय." मी मोठ्या समाधानानं दोन थापा दिल्या. ट्रेलर बोटीच्या पोटात दिसेनासा झाला.

मीनलनं माझा हात धरला. "चल, आज रात्रीच टेबल मांडू."

तेव्हा मी खिसा चाचपला. विजारीला खिसाच नव्हता. घरच्या दाराची दुसरी किल्ली मीनलकडे होती, पण गॅरेजची त्या जुडग्यातच, सूटच्या चेनवाल्या खिशात, फिनलंडच्या वाटेवर!

"दुसरी असेल ना गॅरेजची?" मीनलनं विचारलं.

"आहे. हरवू नये म्हणून गॅरेजमध्येच खुंटीला लावून ठेवलीय."

घरी आल्यावर अण्णा हातोडी घेऊन निघाले, मागोमाग शेजारच्या ब्रीजचा नवरा कटर घेऊन आला. दोघांनी अंधार पडेपर्यंत झटापट केली आणि घाम पुसत माझ्याकडे बघितलं. कुलपाला ओरखडाही आला नव्हता.

निवड माझीच होती.