शेतीच्या खेळाला दोन तारे

माझ्या मावसभावाइतका मत बदलणारा माणूस अख्ख्या सिंधुदुर्गात सापडायचा नाही, आणि हे मी निवडणुकीचे दिवस जमेस धरून म्हणतो आहे. मिठबावला त्याची आंब्याची बाग आहे. बागेतून उरलेल्या वेळात तो व्हिडिओ गेम खेळतो आणि स्वतःच्या वेबसाइटवर त्यांची परीक्षणं लिहितो. इतर लोक परीक्षण लिहून मोकळे होतात. हा मात्र अढीतले आंबे चाचपावेत तशी जुनी परीक्षणं रोज चाचपत बसतो. मोटारींच्या शर्यतीच्या एका खेळाला त्याने पाच तारे दिले होते. उतारावर स्वतः स्कूटरवरून पडला आणि गुडघ्याला पट्टी असतानाच त्याचे तीन केले. भुताच्या खेळाला ‘भीती वाटत नाही’ म्हणून एक तारा होता. पुढे मावशी चार दिवस माहेरी गेली, घरात हा एकटा, तर त्या एकाचे चार झाले. जुनं मत तो पुसत नाही, त्यावर रेघ मारतो आणि खाली देवळात घालावं तसं गाऱ्हाणं घालतो: ‘बा महाराजा, ह्या लेकराच्या हातसून काय चुकला-माकला असात, तां पदरात घे.’ त्याचे वाचकही खाली इमानेइतबारे ‘होय महाराजा’ लिहितात.

अशा माणसाला वालावलची एक मुलगी सांगून आली. तिने त्याची सगळी परीक्षणं वाचली होती, आणि तीही रेघांसकट. हा तर पहिल्या पाच मिनिटांतच विरघळला. चहा देताना तिने विचारलं, “त्या शेतीच्या खेळाला तुम्ही दोनच तारे का दिलेत? माझा फार आवडता आहे तो.”

“त्यात काही घडतच नाही,” हा म्हणाला. “पेरायचं, पाणी घालायचं, वाट बघायची.”

“मग बदला की. बाकीची बदलता ना?” ती हसून म्हणाली.

तिथे नुसतं हसला असता तरी भागलं असतं. हा गंभीरपणे म्हणाला, “बघतो प्रयत्न करून.” घरी येऊन आठवडाभर त्याने तो खेळ आवडून घ्यायचा खरोखर प्रयत्न केला आणि शेवटी तिला कळवलं: दोनच.

मावशीने कपाळाला हात लावला. “अरे, सगळ्या खेळांची मतां बदलतंस, हिच्याच खेळाचां कित्याक नाय?”

“लगीन होवचां म्हणान मत बदलूक मी काय पुढारी आसंय?”

महिन्याभरात वालावलहून नकार आला. तेव्हा आम्ही त्याची यथेच्छ टिंगल केली.

यंदा मोहोर उशिरा आला. बागेत करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो पुन्हा ते शेत खेळायला बसला. परवा गेलो तर दोन ताऱ्यांवर रेघ होती आणि पुढे साडेचार. त्याने लिहिलं होतं, ‘यात वाट बघावी लागते, हीच याची गंमत. ती मला आधी कळली नाही.’

“तिका कळवलंस?” मी विचारलं.

“तिचां लगीन झालां, वैभववाडीक. आता कळवलां तर तां परीक्षण रवाचां नाय, चिठी होतली,” तो म्हणाला.

मी तोंडाशी आलेली थट्टा गिळली. मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि थोडा अभिमानही. ती अजून त्याची परीक्षणं वाचत असेल का, असं मनात आलं, आणि मी खाली ‘होय महाराजा’ लिहिलं.