सड्यावर चढवलेली होडी

मी वेल्डर आहे. पाणसळीतला बुडबुडा मध्ये आला की काम बरोबर, नाही आला की चूक. माझं तत्त्वज्ञान एवढंच! भुताखेताच्या गप्पा हाणणाऱ्यांना मी वर्कशॉपमधून सरळ हाकलायचो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय… तरी लिहितो.

गेल्या वर्षी रत्नागिरीतली भाड्याची खोली सोडायची वेळ आली. फ्लॅटचं नाव काढायची ऐपत नव्हती आणि माझ्या बायकोला, प्रज्ञाला, सातवा महिना. माझे सासरे जयंतामामा जन्मभर तांडेल, होडी घेऊन समुद्रात जाणारे. त्यांची जुनी लाकडी होडी मिरकरवाडा बंदरात पडून होती, सरपणालाच जायची. मी म्हटलं, सरपण कशाला, घर करू! इंजिन आधीच काढलेलं. क्रेनने उचलली, शहराबाहेर सड्यावर, म्हणजे उंच कातळावरच्या माळावर, मामांच्या जागेत आणली, चिऱ्याच्या खांबांवर बसवून बोल्ट मारले. वर पत्रा, बाजूला दार. तीस फूट लांब, नऊ फूट रुंद. लोक हसले, हसू देत. समुद्र तिथून चांगला दोन किलोमीटर.

राहायला गेलो आणि पौर्णिमेला भर दुपारी बाराला प्रज्ञा म्हणाली, "अहो, हंड्यातलं पाणी हिंदकळतंय."

"चक्कर येत असेल तुला," मी खेकसलो.

तरी पाणसळ ठेवली. बुडबुडा सावकाश डावीकडे गेला… थांबला… मग उजवीकडे आला. खाली उतरून बोल्ट पाहिले. घट्ट! खांबाला तडा नाही, वाऱ्याचा पत्ता नाही.

"भरतीची वेळ आहे," ती हळूच म्हणाली.

पुढे चार दिवस पाहिलं. रोज ते पाऊणएक तास उशिरा व्हायचं, भरतीसारखंच. पाचव्या दिवशी प्रज्ञा पिशवी भरायला बसली. "या घरात मी बाळाला आणणार नाही!" माझं डोकंच फिरलं. होतं नव्हतं ते त्या होडीत घातलेलं, आता जायचं कुठे? खरं सांगतो, रडायलाच आलं.

मामांना बोलावलं. ते आले, चपला खाली काढून आत चढले, लाकडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "जावईबापू, हिला बांधलीत कुठं?"

"मामा, बारा बोल्ट आहेत!"

"बोल्ट घराला. होडी हाय ही. पावसाळ्यात वर ओढून माडाच्या झापांनी शाकारतो, तरी दोर सोडत नाय आमी. मोकळी होडी भरतीला निघणारच."

मी पडलो शेतकऱ्याच्या घरातला, मला काय ठाऊक! मामांनी त्यांचाच जुना दोर आणून होडीचं पुढचं टोक शेजारच्या काजूला बांधलं. दुसऱ्या दिवशी भरतीला बुडबुडा मध्येच. प्रज्ञाने पिशवी रिकामी केली.

मुलगी झाली. बाळंतपण उरकून मायलेकी माहेरून घरी आल्या, पण पोर दुपारी झोपेचं नाव घेईना, रडून घर डोक्यावर घ्यायची. शेवटी एकदा भरतीच्या वेळेला प्रज्ञा बाहेर गेली आणि दोर हातभर सैल करून आली. थोड्या वेळाने पाळणा कुणीही हात न लावता हलू लागला… आणि पोर गाढ झोपली.

इंजिनिअर मित्र म्हणतो, लाकूड फुगत असेल. असेल बाबा! मला आजही कळलेलं नाही. पाणसळ मी वर्कशॉपमध्येच ठेवतो, घरी आणत नाही. दोर मात्र रोज तपासतो. तुटायला नको, आणि फार आवळायलाही नको.