इल्पोची डावी बाजू

वेइयोने आयुष्यात एकदाच स्केट्सच्या पात्यांना चुकीची धार लावली, आणि नेमके ते स्केट्स वीस वर्षांनी गावात परतलेल्या इल्पो केर्नाच्या पायांत गेले.

दोष रेडिओचा होता, असं वेइयो आजही म्हणतो. हिर्सिलाम्पी गावातल्या बर्फाच्या रिंकमागे त्याची खोली. खोलीत धार लावायचं यंत्र, कॉफीचं भांडं, ओल्या हातमोज्यांचा वास आणि रेडिओ. त्या दिवशी स्कीवरून उड्या मारायची स्पर्धा चालू होती. आपल्या देशाचा पोरगा उंचावरून सुटला आणि तो खाली टेकेपर्यंत वेइयोचा हात यंत्रावर आपोआप चालत राहिला. आइस हॉकीत बाकीच्या खेळाडूंच्या पात्याला मधोमध खोल पन्हळ लागते, म्हणजे दोन्ही कडा बर्फात रुततात. गोलकीपरचं तसं नाही. त्याला जाळीसमोर खेकड्यासारखं आडवं सरकायचं असतं, म्हणून त्याचं पातं जवळजवळ सपाट ठेवायचं. हे वेइयोला झोपेतही ठाऊक होतं. पण झोपेत रेडिओ नसतो.

सरावाला खेळाची पहिलीच रबरी चकती आली आणि इल्पोने आडवी मुसंडी मारली. पायांनी ऐकलं नाही. पाय बर्फात रुतून होते तिथेच राहिले, वरचा इल्पो मात्र निघून गेला. जिन्यावरून उतरवताना हमालांच्या हातून कपाट सुटावं तसा तो आडवा झाला. त्याला बघायला मुद्दाम आलेल्या म्हाताऱ्यांनी कठड्यापलीकडे टोप्या काढल्या. कोणी गेल्यावर काढतात तशा.

थोड्या वेळाने तो जांघ धरून, लंगडत खोलीत आला आणि स्केट्स टेबलावर ठेवून म्हणाला, "धार छान आहे. लाकडं फोडायला."

"रेडिओ चालू होता," वेइयो म्हणाला.

"आपला पोरगा कितवा आला?"

"दुसरा."

"मग जाऊ दे," इल्पो म्हणाला. "दुसऱ्यांवर मी रागावत नाही."

दुसरा असणं हा इल्पोचा धंदाच होता. प्रत्येक संघ दोन गोलकीपर पाळतो. एक खेळतो. दुसरा सगळी कवचकुंडलं चढवून बाकाच्या टोकाला बसतो, आत-बाहेर करणाऱ्यांसाठी फाटक उघडतो, आणि पहिल्याला काही होतंय का याची वाट बघतो. म्हणजे वाट बघत नाही असं दाखवतो. पोरवयात इल्पोने गाव सोडलं आणि स्वीडनच्या उत्तरेकडच्या एका खाणगावात पहिलं बाक धरलं. मग नॉर्वे, डेन्मार्क, जर्मनीतली दोन गावं, इटलीतली एक दरी, स्कॉटलंडमधलं एक गळक्या छपराचं रिंक, पुन्हा नॉर्वे. 'फाटक उघड' हे त्याला अर्ध्या युरोपच्या भाषांत कळत असे, आणि प्रेमाने म्हटलेलं कुठल्याच भाषेत ऐकलेलं नव्हतं.

कुठेच तो वाईट खेळला नाही, आणि कुठेच त्याला दुसऱ्या हिवाळ्यात ठेवून घेतलं नाही. कारण पायगुण. इल्पो आला की पहिल्या गोलकीपरचं काहीतरी मोडायचं. खाणगावातल्याचा गुडघा गेला. डेन्मार्कमधला सायकलवरून पडला. इटलीतला तर बहिणीच्या लग्नात नाचता नाचता घोट्यातून गेला. मग इल्पो आत जायचा, हंगाम सावरायचा, आणि बर्फ वितळू लागला की संघाचे मालक एका हाताने त्याचा हात दाबून आभार मानायचे व दुसऱ्या हाताने दार उघडायचे. पांढऱ्या पायाचा माणूस म्हणून त्याचं नाव धंद्यात झालं. त्यात पॅडही पांढरे.

"या खेळात कोणाचं ना कोणाचं हाड मोडतंच," वेइयोने त्याची समजूत घातली होती. "तू नसतास तरी मोडलं असतं."

"असेल," इल्पो म्हणाला. "मी नसतो तिथे काय होतं, ते मला कसं कळणार?"

हिर्सिलाम्पीचा पहिला गोलकीपर योउनी. धडधाकट गडी, पण इल्पो आल्याच्या दिवसापासून तो दिसेल त्या लाकडाला हात लावत फिरू लागला. इल्पो ज्या गाडीत, त्या गाडीत तो बसेना. इल्पोच्या बहिणीने सगळ्यांसाठी वेलचीचे पाव पाठवले, ते योउनीने कुत्र्याला घातले आणि मग आठवडाभर कुत्र्यावर लक्ष ठेवलं.

खरं तर इल्पोच्या या सगळ्या भटकंतीचं मूळ वेइयोच. लहानपणी कागद गिरणीच्या कामगारांच्या घरांमागे पोरं अंगणात पाणी सोडून बर्फ गोठवायची. गोलात उभं राहायला कोणी तयार नसे, म्हणून वेइयोला ढकललं. वेइयो उभा राहिला आणि त्याने दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले, ते आईने जेवायला हाक मारेपर्यंत उघडले नाहीत. पोरांनी गोल मोजायचे सोडून दिले. दुसऱ्या दिवशी त्याला बाजूला करून शेजारच्या मुक्या-मुक्या इल्पोला उभं केलं. त्याचे डोळे उघडे राहिले. एवढ्या भांडवलावर माणूस जग फिरला. पण स्वतःच्या गावात, तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर, तो अजून एकदाही जाळीसमोर उभा राहिला नव्हता.

हिवाळा सुरू झाला तसं वेइयोला काही काही खटकू लागलं. इल्पोने कपडे बदलायच्या खोलीत कोपऱ्यातली खुंटी मागून घेतली, डावीकडे भिंत येईल अशी. डाव्या हाताशी ठेवलेली कॉफी तशीच गार व्हायची, आणि एकदा तर त्याच्या कोपराने कप उडाला. सरावात डावीकडून आलेल्या चकतीला तो हलायचा, पण आधी काठीचा फटका वाजायचा, मग इल्पो हलायचा. अडवायचा बहुतेक.

शनिवारी दोघे वेइयोच्या साउनात, म्हणजे तापल्या दगडांच्या लाकडी वाफघरात बसत, तळ्याच्या काठावर. वरच्या फळीचा डावा कोपरा इल्पोचा. त्या शनिवारी वेइयो आधी जाऊन त्या कोपऱ्यात बसला. इल्पो दारात क्षणभर थांबला, मग त्याच्या उजवीकडे येऊन बसला. वेइयोने पाण्याची पळी त्याच्यापुढे धरली. इल्पो तापलेल्या दगडांकडे बघत राहिला. पळी त्याच्या गालापासून वीतभर अंतरावर हवेत तरंगत होती.

"पळी धर," वेइयो म्हणाला.

इल्पोने घुबडासारखी सगळी मान वळवली. पळीकडे बघितलं, मग वेइयोकडे.

"कधीपासून?" वेइयोने विचारलं.

"दुसरं नॉर्वे." इल्पोने दगडांवर पाणी टाकलं आणि वाफेत दिसेनासा झाला. "काठीचं टोक मुखवट्याच्या जाळीतून आत आलं."

"काहीच दिसत नाही?"

"उजेड कळतो. कोणीतरी आलंय एवढं कळतं. कोण, ते नाही."

"आणि डॉक्टरकडचा तक्ता?"

"उजव्याने वाचताना पाठ करायचा. मग डाव्याने म्हणायचा. शाळेत कविता यायच्या नाहीत, हे येतं."

"नॉर्वेचा डॉक्टर काय म्हणाला?"

"उरलेला सांभाळ म्हणाला."

बाहेर थंडीने तळ्याचा बर्फ तडकला. कोणी लोखंडी खाट ओढत न्यावी तसा आवाज काठाकडून निघाला, साउनाच्या जवळून गेला आणि पार पलीकडे जाऊन थांबला.

"सांभाळतोच आहे," इल्पो म्हणाला. "बाकावर बसणाऱ्याचा डोळा जात नाही. आणि योउनीला काय धाड भरलीय?"

वेइयोने हळूच बसल्या फळीला हात लावला.

फेब्रुवारीत योउनी छपरावरचा बर्फ उपसायला चढला. बर्फ खाली आला, बर्फामागून योउनी आला, आणि मनगट दोन ठिकाणी मोडलं. त्या वेळी इल्पो आपल्या घरी बटाटे सोलत होता, पण गावाला तेवढं पुरलं. खुद्द योउनीने प्लास्टरमधला हात दाखवून सगळ्यांना सांगितलं, "सुटलो. मला वाटलं होतं मान जाईल."

आणि शनिवारी सामना कुउसिवाराच्या संघाशी. हरेल तो खालच्या श्रेणीत. गिरणी गेली, पोस्ट गेलं, आता एवढा संघ उरला होता. पण वेइयोला श्रेणीची पडली नव्हती. त्याच्या डोळ्यांपुढे होता कुउसिवाराचा तोर्स्ती. हा तोर्स्ती लाकूडतोड्या; गोलकीपरच्या डाव्या अंगाला येऊन उभा राहायचा आणि कुऱ्हाड चालवावी तशी काठी चालवायचा. मागच्या वर्षी त्याच्या एका फटक्याने एका गोलकीपरच्या मुखवट्याची जाळी वाकून नाकाला टेकली होती.

वेइयो कोच कौकोला गाठून म्हणाला, "कौको, इल्पोची डावी बाजू मला बरी वाटत नाही."

"बरी नसायला काय झालं?"

वेइयोने साउनात शब्द दिलेला नव्हता, पण साउनातलं बाहेर न्यायचं नसतं, हे न सांगता ठरलेलं असतं. "उशिरा हलतो," एवढंच तो म्हणाला.

"मी बघितलंय," कौको म्हणाला. "डावीकडचं एकही आत जाऊ देत नाही. उशिरा हलू दे नाहीतर सणावाराला हलू दे. बरं, दुसरा गोलकीपर म्हणून कागदावर कोणाचं तरी नाव लागतं. तुझं घातलंय. योउनीचे पॅड चढव."

"माझं?"

"लष्करात असताना गोलात उभा राहायचास ना? तुला काही करायचं नाही रे. फाटक उघडायचं."

घरी हे ऐकून बायको पोट धरून हसली. "तू उभा राहिलास तर तोर्स्तीला दया येईल."

"तोर्स्तीला येत नाही," वेइयो म्हणाला, आणि त्याने लापशी तशीच ठेवली.

सामन्याच्या दिवशी दुपारी वेइयोने खोलीचं दार आतून लावलं. रेडिओची वायर काढून त्याच्याभोवती गुंडाळली. मग इल्पोचे स्केट्स यंत्रावर घेतले आणि अगदी जपून, मन लावून, दोन्ही पात्यांना खोल पन्हळ पाडली. इतकं सुबक काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. गणित साधं होतं. सामन्याआधी अंग गरम करताना इल्पो आडवी मुसंडी मारणार, पाय रुतणार, कपाट पडणार. जांघ बरी होते. डोळा होत नाही. आणि मग आत कोण जाणार, हे कागदावर लिहिलेलं होतं.

त्या पहिल्या पडण्यानंतर इल्पोने आपली पाती एकदाही तपासली नव्हती. एकदा चुकलेला माणूस जन्मभर जपून असतो, असं त्याचं मत होतं. आजही त्याने स्केट्स घेतले, बघितले नाहीत, बांधले. वेइयोने नजर दुसरीकडे वळवली.

रिंक गच्च भरलं होतं. इल्पोचं नाव पुकारल्यावर टाळ्या पडल्या. थोड्या, सांभाळून, पायगुणाला ऐकू जाणार नाहीत अशा. पलीकडच्या अर्ध्यात तोर्स्ती सराव करत होता. चकती कठड्यावर आदळली की बाकाची फळी खालून हादरायची.

इल्पो जाळीपाशी पोहोचला. काठीने उजव्या खांबाला एकदा शिवला, डाव्याला दोनदा, चाचपून. वेइयोने फाटकाची कडी घट्ट धरली. आता. पण इल्पोने मुसंडी मारलीच नाही. एका पायावर जरासा कलला, आणि तिथेच थांबला. खाली बघितलं नाही. घुबडासारखी सगळी मान वळवली आणि बाकाकडे बघितलं.

मग तो सावकाश परत आला. वेइयोने फाटक उघडलं. ते काम त्याचंच होतं.

खोलीत इल्पो स्टुलावर बसला आणि नालबंदापुढे घोड्याने धरावा तसा पाय पुढे केला.

"पुन्हा घास."

"चूक झाली," वेइयो म्हणाला.

"रेडिओ चालू होता?"

वेइयोने रेडिओकडे बघितलं. फळीवर तो आपली वायर पोटाशी गुंडाळून बसला होता.

"नाही."

"मग चूक नाही," इल्पो म्हणाला आणि स्केटची नाडी सोडू लागला.

यंत्र सुरू झालं. ठिणग्या उडत होत्या आणि मधूनमधून भिंतीपलीकडून तोर्स्तीची चकती कठड्यावर आदळत होती. प्रत्येक आवाजाला वेइयोचा हात थबकायचा, पुन्हा चालायचा. पन्हळ उथळ होत गेली, पातं सपाट झालं. इल्पोने या वेळी ते अंगठ्याच्या नखावरून फिरवून बघितलं. पहिला पाय बांधला. दुसरा बांधला. बाहेर शिट्टी वाजली.

वेइयो दाराला पाठ लावून उभा राहिला. "इल्पो, ऐक. माझं नाव कागदावर आहे. पॅड चढवलेलेच आहेत. जांघ भरली म्हणून सांग, मी जातो. हरू दे गाव. तुला तो तोर्स्ती दिसायचादेखील नाही रे."

इल्पो उठला. हातमोजे घातले, मुखवटा खाली ओढला आणि जाळीआडून म्हणाला, "तू गेलास तर दोन्ही डोळे मिटशील, माझा एक तरी उघडा असतो."