मावशींनी न सांगितलेली बोट

उत्तनजवळच्या चौक गावाच्या किनाऱ्यावर आज कोणत्या बोटी लागल्या आणि त्यांत काय म्हावरे आले, एवढीच माहिती देणारे एक सदर आमच्या बातम्यांच्या संकेतस्थळावर रोज असे. त्याचे शीर्षक होते ‘मावशी सांगतात’. बातम्या मीरा-भाईंदरपुरत्या, कचेरी काशीमीऱ्याला एका गॅरेजच्या वर, माणसे मोजकी. खाली ट्रकचे इंजिन सुरू झाले की वर टेबलावरच्या कपातला चहा थरथरायचा. तिथे संपादनाचे काम मी करत होतो. पाणी कधी येणार या मजकुराच्या खालोखाल वाचले जाणारे सदर हेच होते.

मावशी म्हणजे चौकमधल्या एक कोळीण. नवरा वारलेला. किनाऱ्यावर म्हावऱ्याचा लिलाव त्या करायच्या आणि तिथे त्यांचा आवाज चालायचा. बोटी रिकाम्या झाल्या की त्यांचा फोन येई.

“लिव. पयल्या बोटीला बोंबील हाय, पन बारीक. मोठा लिवू नकोस, लोक इथवर येतात आनि मना शिव्या देतात.”

“पापलेट, मावशी?”

“पापलेट तुझ्या सासऱ्याला इचार. दोन टोपल्या आल्या, त्या पन उचलल्या. आनि मांदेली लिव. लिवलीस? वाचून दाखव.”

मी वाचून दाखवी. त्या एखादी दुरुस्ती करत आणि फोन ठेवत. रविवारी चर्चला जायचे म्हणून फोन नसे, तेव्हा सदरही नसे.

या माहितीत एक खोट होती. चौकमधली एक बोट मावशी कधीच सांगत नसत. ती त्यांच्या धाकट्या दिराची होती. मुळात दोघा भावांची, सामाईक. मावशींचे यजमान गेले तेव्हा महिना भरायच्या आत दिराने ती समुद्रात घातली. खलाशांच्या घरी चूल पेटायला हवी, हे त्याचे कारण होते. ज्याची बोट त्याची माती ओली असताना ती पाण्यात गेलीच कशी, हे मावशींचे म्हणणे. त्या दिवसापासून बोलणे बंद. बोट आली की घरच्यांचा वाटा आधी वडीलधाऱ्यांच्या घरी जातो, अशी तिथली रीत आहे. दिराने पहिल्या फेरीनंतर वाटा पाठवला होता. मावशींनी टोपली दारातच राहू दिली आणि मांजरांनी ती संपवली. गावाने ते पाहिले.

दीर एकदा कचेरीत आला होता. उन्हाने रापलेला, कमी बोलणारा माणूस. माझी बोट तुमच्या यादीत का येत नाही, असे त्याने विचारले. मी मावशींचे नाव सांगितले, तेव्हा तो हसला.

“ते मना म्हाईत हाय. मी म्हटलं, तुमच्या तोंडून ऐकावं.” मग जिन्याकडे जाताना म्हणाला, “वैनी ज्या दिशी नाव घेईल ना, त्या दिशी वाटा मी सोता डोक्यावर घेऊन जाईन. तिला सांगू नका पन.”

मी सांगितले नाही. मात्र ती बोट यादीत हवी, असे मी मावशींना सुचवून पाहिले. “ती बोट मना दिसत न्हाय,” त्या म्हणाल्या. “डोल्याचा नंबर वाढला असंल.”

चौकमध्ये हे सदर वाचायची एक वेगळी पद्धत होती, हे मला उशिरा कळले. किनाऱ्यावर काय आले हे तिथल्या लोकांना मोबाइलवर पाहायची गरज नव्हती. ते त्यांच्या डोळ्यांसमोरच आलेले असे. ते यादी पाहायचे ती त्या बोटीसाठी. आज आहे का? नाही. मग मोबाइल खिशात.

तक्रारी आल्या त्या महामार्गावरच्या हॉटेलांकडून. एका हॉटेलचा व्यवस्थापक फोनवर वैतागला होता. “साहब, कल एक बोट भर के घोल आया था। पूरा उत्तन को मालूम, आपकी मौसी को नहीं मालूम? मौसी है कि मंत्री है?” ती घोळ मासळी दिराच्या बोटीची होती. व्यवस्थापकाचे म्हणणे खोडून काढण्यासारखे काही नव्हते. बातमीत गाळलेली गोष्ट ही चुकीच्या गोष्टीएवढीच वाईट, असेच आम्ही शिकलो होतो.

त्याच सुमारास संकेतस्थळाची यंत्रणा बदलली. नवी यंत्रणा ‘हेडलेस’ म्हणतात त्या प्रकारची होती. आमची प्रोग्रॅमर पेणकरपाड्यात राहणारी. वडील नोकरीसाठी परभणीहून आलेले, ती वाढली इथेच. मी तिला विचारले, हे डोके नसणे म्हणजे नक्की काय?

“सर, डोकं नाही म्हणजे चेहरा नाही,” ती म्हणाली. “आधी मजकूर आणि त्याचं दिसणं एकत्र शिवलेलं होतं. आता आत नुसता मजकूर. चेहरे सगळे बाहेर. वेबसाइटचा वेगळा, अ‍ॅपचा वेगळा. ज्याला पाहिजे तो येऊन मजकूर घेऊन जाणार आणि आपापल्या परीने दाखवणार.”

“आणि आत मजकूर कोण भरणार?”

“आपणच भरायला पाहिजे असं नाही ना. दुसऱ्याची सिस्टीम जोडली की तीच भरते. तुम्ही फक्त चहा प्यायचा.”

जोडण्यासारखे बरेच होते. हवामान जोडले, भरती-ओहोटीच्या वेळा जोडल्या. चौकच्या मच्छीमार सोसायटीकडे बोटींच्या आवकेची संगणकीय नोंद होती. बोट किनाऱ्याला लागली की डिझेल आणि बर्फासाठी तिला सोसायटीत यावेच लागते आणि तिथेच काय आणले ते नोंदले जाते. सोसायटीने ही नोंद आम्हाला द्यायचे मान्य केले. त्यांच्याकडचा कोणता रकाना आमच्या कोणत्या रकान्यात पडेल, हे प्रोग्रॅमरने एका दुपारी बसून ठरवले. चाचणीच्या दिवशी पडद्यावर सगळ्या बोटी ओळीने आल्या. दिराची बोट मधेच कुठेतरी होती, इतरांसारखीच.

मावशींना सांगायचे काम माझ्याकडे होते. मी फोन केला. सोमवारपासून माहिती सोसायटीकडून येईल, तुम्हाला रोजचा त्रास नको, असे सांगितले.

“तरास कसला? मी चाय पिता पिता सांगते.” मग थोड्या वेळाने, “सोसायटीत सगल्या बोटी असतात.”

“हो, सगळ्या येतील.”

“सगल्या?”

“सगळ्या, मावशी.”

“बरं.” पलीकडे कोणीतरी बर्फ फोडत होते, तो आवाज बराच वेळ येत राहिला. “तुझ्या मशीनला बोंबील वास घेऊन कलतो का रे? न्हाय ना? मंग तिला सांग, सकाली मना फोन करीत जा.” त्या हसल्या आणि फोन ठेवला.

त्या आधीच्या काही आठवड्यांत मावशींच्या फोनमध्ये एक बदल झाला होता. यादी संपली की त्या लगेच फोन ठेवत नसत. एकदा म्हणाल्या, “आजून एक हाय... ऱ्हाऊ दे.” दुसऱ्या वेळी म्हणाल्या, “आज त्या टोकाला पन एक लागली. भरून आली. पन तू लिवू नको. सवडीने सांगेन.” त्या टोकाला कोणाची बोट लागते हे मला माहीत होते. कामाच्या घाईत मी पुढची बातमी उघडत असे. सवडीने म्हणजे कधी, असे विचारायचे माझ्या मनात आले नाही, आणि विचारायला हवे होते की नको हे आजही नक्की सांगता येत नाही.

सोमवारी जोडणी सुरू झाली. संकेतस्थळावर सदराचे शीर्षक बदलून ‘चौकची आवक’ असे केले होते आणि खाली माहिती सोसायटीची असल्याचे लिहिले होते. वेबसाइटवर ते त्याच सकाळी दिसले. मोबाइलच्या अ‍ॅपवर दिसले नाही. अ‍ॅपमध्ये शीर्षक मजकुराबरोबर येत नव्हते. ते त्याच्या चेहऱ्याचा भाग होते. ते बदलायचे तर अ‍ॅपची नवी आवृत्ती काढावी लागते, ती मंजूर व्हावी लागते आणि लोकांनी ती उतरवून घ्यावी लागते. प्रोग्रॅमरने ते काम आधीच नोंदवून ठेवले होते. रांगेत त्याच्या पुढे आणखी कामे होती. शीर्षकच तर आहे, असे सर्वांचे मत पडले.

चौकमध्ये वेबसाइट कोणी पाहत नाही. सगळे अ‍ॅपवर पाहतात. त्या सकाळी तिथल्या प्रत्येक मोबाइलवर वर ठळक अक्षरांत ‘मावशी सांगतात’ असे होते आणि खाली, बोटींच्या यादीत, ती बोट होती.

पुढचे मी पाहिलेले नाही. दोघांनी वेगवेगळे सांगितले, ते जुळवून लिहितो आहे.

दीर त्या दिवशी समुद्रावरून आला होता. बर्फाच्या रांगेत कोणीतरी त्याला मोबाइल दाखवला. त्याने तो दोनदा वाचला, स्वतःच्या मोबाइलवरही उघडून पाहिला. मग टोपलीत पापलेट आणि एक घोळ घातली, वर ओले फडके टाकले आणि टोपली डोक्यावर घेऊन निघाला. वाटेत लोक दारात आले. कोणी काही विचारले नाही. यादी सगळ्यांनी पाहिलेली होती.

मावशी ओट्यावर करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलत बसल्या होत्या. तो समोर उभा राहिला.

“वैनी, तू नाव घेतलंस. म्हनून आलो.”

“कसला नाव?”

“बोटीचा. मोबाइलमंदी.”

“मी न्हाय घेतला.”

त्याने मोबाइल पुढे धरला. मावशींनी हात पदराला पुसले, मोबाइल लांब धरून वाचला आणि परत दिला.

“ह्या मावशी मी न्हाय. ही सोसायटीची मशीन हाय.”

 तो टोपली तशीच डोक्यावर ठेवून वळला. आलेल्याच वाटेने, त्याच दारांवरून परत गेला.

दोघांच्या सांगण्यात फरक फक्त एका गोष्टीत आहे. दीर म्हणतो, वैनी रागाने बोलली, टोपलीकडे तिने पाहिलेही नाही. मावशी म्हणतात, राग अजिबात नव्हता. टोपली घेण्यासाठी त्या उठणारच होत्या. “त्याने इचारलं, मी खरं ते सांगितलं. लबाडी कशी करू? मी जे केलं न्हाय ते केलं म्हनू? टोपली खाली तर ठेवायची होती.” हेच मी दिराला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “टोपली घेतली असती आनि मंग सांगितलं असतं, तरी चाललं असतं की.” एवढेच दोघांचे म्हणणे आहे. ते एकमेकांना सांगायला कोणी तयार नाही. मी दोघांनाही विचारून पाहिले.

प्रोग्रॅमरला मी हे सांगितले तेव्हा तिने सोमवारची यादी पुन्हा उघडून पाहिली. “सर, डेटा तर बरोबर होता,” ती म्हणाली. वाद घालण्यासाठी नव्हे. तिचा चुलता आणि वडीलही काही वर्षे बोलत नव्हते, हे तिने त्याच दिवशी सांगितले. कोणत्या बारशाला कोणाच्या हातचा चहा घेतला म्हणून ते मिटले, तेही सांगितले. “पण तो चहा कोणी आधीच कपात ओतून ठेवला असता ना, तर मिटलं नसतं.”

अ‍ॅपची नवी आवृत्ती आली. शीर्षक बदलले. प्रोग्रॅमरने आपणहून आणखी एक गोष्ट केली: सोसायटीच्या माहितीखाली एक मोकळा रकाना ठेवला, ‘किनाऱ्यावरून’ नावाचा. मावशींचा फोन आला तर त्यात त्यांचे शब्द जसेच्या तसे घालायचे. रकाना रिकामा असेल तर तो वाचकांना दिसत नाही, अशी व्यवस्था आहे.

सदर आता बिनचूक असते. हॉटेलवाल्यांची तक्रार नाही. रविवारीही ते येते. दिराची बोट जितक्या वेळा किनाऱ्याला लागते तितक्या वेळा यादीत असते. चौकमध्ये आता यादी फारशी कोणी उघडत नाही, असे ऐकतो.

मागच्या थंडीत मीच मावशींना फोन केला. मोकळ्या रकान्याचे सांगितले. तुमच्या शब्दांत सांगा, दोन ओळी चालतील, म्हटले. त्यांना ते आवडले असावे. लिव, म्हणाल्या, आणि जुन्या पद्धतीने सुरुवात केली: पहिली बोट, बोंबील, या वेळी चांगला मोठा, दुसरी, करंदी, तिसरीचे जाळे फाटले म्हणून अर्धीच भरली. मी लिहीत होतो. मग त्या थांबल्या. त्या थांबण्याची मला ओळख होती.

“आणखी, मावशी?”

“त्या टोकाला एक लागली हाय.”

 या वेळी मी दुसरी कोणतीही बातमी उघडली नव्हती.

“तुझ्या लिस्टात हाय ना ती?” त्यांनी विचारले.

पडद्यावर यादी होती. ती बोट त्यात होती, वेळेसकट, मालासकट.

“आहे,” मी म्हणालो.

“मंग मी कशाला सांगू?” मावशी म्हणाल्या. “वाचून दाखव, किती झाल्या ते.”