शेक घेणाऱ्या बाईचं पाणी

लातूरच्या एका दवाखान्यात माझ्या जावेला कॅन्सरसाठी रेडिएशनचा शेक सुरू होता. तेव्हा ती बाई रोज आमच्या बाकावर असायची. हदगावकडची, चाळिशीची. मांडीवर स्टीलची मोठी बाटली, आणि थोड्या थोड्या वेळानं डोळे मिटून दोन घोट. शेक आणि सलाईनमधलं औषध, दोन्ही तिच्या किडन्यांवर उतरली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, भरपूर पाणी प्या, नाहीतर किडन्या जातील.

आणि बायकांच्या संडासाला कुलूप!

तरुणपणी एस्टीनं जायचं म्हटलं की मी आदल्या रात्रीपासून पाणी पिणंच सोडायची. वर फुशारकी, “मला बाई वाटेत कधी लागत नाही.” काय पण पराक्रम! पोटात कळा आणि तोंडावर तोरा.

ती बाई तसली शहाणी नव्हती. एके दिवशी उठली आणि बाटलीनं कुलूप बडवू लागली. वॉर्डबॉय धावत आला.

“ओ ताई, बायका घाण करतात म्हणून बंद हाय. पाणी जरा कमी प्या की.”

“कमी पिऊ? हितं माझी किडनी जळून राहिली, अन् मी तुमची फरशी सांभाळू? खोल, न्हाईतर हितंच बसते!”

कुलूप निघालं. ती आत गेली, आणि बाकांवरच्या साऱ्याजणी उठून दाराशी रांगेला लागल्या. माझी जाऊ सगळ्यांत पुढं.

“एकदम सगळ्यांनाच लागली का, आजी?” त्यानं मला विचारलं.

“एकदम कशाला, मुडद्या,” मी म्हणाले, “सकाळपासून लागलीय.”