लाइनवर कोणी आहे का?

ढोमणेकाका विचारल्याशिवाय कुठल्याही बटणाला हात लावत नसत. पंखा लावायचा असो की देवघरातला झिरोचा बल्ब, आधी मोठ्यानं हाक, "लाइनवर कोणी आहे का?" आणि उत्तर येईपर्यंत हात खाली. भिलाई-३ मधल्या आमच्या घरात माणसं दोनच, मी आणि अंथरुणाला खिळलेली आई. तरी आईला पलंगावरून ओरडून सांगावं लागे, "कोणी नाही जी, भाऊजी!" मगच बटण दाबलं जाई. मला हसू यायचं. एकदा मी म्हटलं, "काका, लाइनवर कोण असणार? पाल?" ते हसले नाहीत. "पाल असली तरी सांग," म्हणाले.

ते समोरच राहायचे. सगळी उमर एका रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून गेलेली. मिल केव्हाच बंद पडली. माझे बाबा रेल्वेत होते, नागपूरकडचे, काकाही तिकडचेच. बाबा गेल्यावर आमच्या घरातलं विजेचं सगळं न सांगताच काकांकडे गेलं. दुरुस्तीला घेतलेल्या वस्तूवर ते सुतळीनं लाल पुठ्ठा बांधत. त्याला ते टॅग म्हणत. मिठाईच्या डब्याचा तुकडा, वर निळ्या पेनानं: काम चालू आहे. काढू नये. ढोमणे. "ज्यानं लावला त्यानंच काढायचा," हा नियम. आमचा मिक्सर तीन आठवडे टॅग बांधून पडला होता आणि मी चटणी खलबत्त्यात कुटत, त्यांच्या नावानं बोटं मोडत होते.

मी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरून मशीनची ड्रॉइंग तपासते. एका पडद्यावर जुनं ड्रॉइंग, दुसऱ्यावर नवं. तीन महिने घरून जमवून दाखवा, असं कंपनीनं सांगितलं होतं. जमलं नाही तर पुण्याला जायचं, आणि आईला कोणाच्या भरवशावर ठेवायचं ते माझं मी बघायचं. नेमका तेव्हाच मोठा मॉनिटर नखरे करायला लागला. काम करता करता काळाठिक्कर. चार सेकंदांनी परत यायचा, तोवर त्याच्यावरचं सगळं लॅपटॉपच्या इवल्याशा पडद्यावर येऊन पडलेलं. कंपनीच्या मदतीच्या नंबरवर जे जे सांगितलं ते मी एका दुपारीत उरकलं. नवी केबल, नवा ड्रायव्हर, रिझोल्यूशन बदललं, अपडेट टाकलं. मॉनिटर काळा होतच राहिला, वर अक्षरंही पुसट दिसायला लागली.

काका आले, खुर्ची ओढून बसले. "मले यातलं काही समजत नाही. पण तू एकाच टायमाले चार गोष्टी कावून बदलल्या? आता रोग कोणता न् औषध कोणतं, कोण सांगन?"

त्यांनी सगळं जुनं जसंच्या तसं करायला लावलं. मग एका दिवशी एकच बदल. एक दिवस फक्त केबल. एक दिवस लॅपटॉप आणि केबल यांच्या मधलं अडॅप्टर. एक दिवस रिफ्रेश रेट पंचाहत्तरवरून साठ. मग मॉनिटर उचलून त्यांच्या घरी, टीव्हीच्या डब्याला जोडून दिवसभर त्याच्यासमोर बसले. एकदाही काळा झाला नाही. "मॉनिटर बेकसूर हाय," परत आणताना म्हणाले. "लॅपटॉप बी असन. भांडण दोघाच्या मधात हाय." त्यानंतर वही घेऊन माझ्या मागं बसले आणि मॉनिटर काळा झाला की घड्याळ बघून वेळ लिहायला लागले. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात फ्रिज घुरघुरला, मॉनिटर गेला, आणि काकांनी वही मिटली.

लॅपटॉपच्या पत्र्याला त्यांनी हाताची उलटी बाजू लावली. "तुले मुंग्या नाही येत?"

"येतात की. सगळ्याच लॅपटॉपला येत असतील."

"तुह्या घराले अर्थिंगच नाही व पोरी! तिसरं भोक नुसतं शोभेचं हाय." इतकी वर्षं आम्ही अशाच घरात राहत होतो. फ्रिज चालू झाला की त्याचा धक्का थेट माझ्या केबलपर्यंत पोचत होता.

काकांनी मागच्या अंगणात खड्डा खणला, कोळसा आणि मीठ भरलं, तांब्याची पट्टी पुरली. सत्तरीच्या माणसानं, उन्हात. शेवटी मागच्या भिंतीवरच्या बोर्डात वायर जोडायची राहिली. समोरच्या व्हरांड्यातला मेन स्विच त्यांनी पाडला, टॅग बांधला, हाक मारली. आई म्हणाली, कोणी नाही.

अकरा वाजता माझी मीटिंग होती. पावणेअकरा झाले, लॅपटॉपची बॅटरी संपत आलेली, मागून आवाज नाही. मी दाराकडे बघितलं. काकांच्या चपला नव्हत्या. गेले असतील चहाला, असं समजून मी टॅग सोडला आणि स्विच वर केला.

मागून आवाज आला तो काकांचा वाटलाच नाही. मी स्विच पाडून धावले. चपला त्यांच्या पायात होत्या. ते भिंतीशी पडले होते, उजव्या हाताची दोन बोटं काळी पडलेली, पण डोळे उघडे होते. मी पाणी आणलं आणि रडायला लागले.

"रडू नको. जिवंत हाओ मी." हाताकडे बघत ते म्हणाले, "मी बी असाच काढला होता. बिसाहूचा टॅग. माह्या जोडीचा होता तो, मिलमधी. त्याची सायकल स्टँडवर दिसली नाही. मले वाटलं, गेला घरी जेवाले. मी टॅग काढला न् स्विच वर केला. वर क्रेनवर होता व तो. सायकल त्या दिवशी त्याचा पोरगा घेऊन गेला होता."

हाताला फडकं गुंडाळून ते उठले. घराची लाइन चालू करून दिली, आणि टॅग माझ्या टेबलाजवळच्या बोर्डाला डाव्या हातानं बांधला. "अर्थिंग उद्या जोडतो. तोवर यावर काही लावू नको."

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. पहाटे छातीत कळ आली आणि काकूंनी त्यांना दुर्गच्या दवाखान्यात नेलं. मी डॉक्टरांना विचारलं, शॉकमुळे झालं का? त्यांनी सांगितलं, हृदय आधीपासूनच थकलेलं होतं. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही.

दुसरा इलेक्ट्रिशियन येऊन वायर जोडून गेला. टॅग मात्र मी त्याला सोडू दिला नाही. आठ दिवस मॉनिटर टेबलावर बंद होता, आतल्या खोलीत तो मावत नव्हता, आणि मी तिथं लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर डोळे फोडत होते. दोन ड्रॉइंगमध्ये चुका राहिल्या. पुण्याहून निरोप आला, सोमवारपासून नीट काम दिसलं नाही तर इकडे या. आई म्हणाली, "सोडून टाक न व, पुठ्ठाच तं हाय." मी दुर्गची बस पकडली.

काकूंनी दारातच सांगितलं, कालपासून कोणाला ओळखत नाहीत. मी कानाशी वाकून म्हटलं, "काका, आमच्या बोर्डावर तुमचा टॅग आहे. काढू का?"

डोळे उघडले. "लाइनवर कोणी आहे का?"

"कोणी नाही, काका."

"बिसाहू उतरला?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, "उतरला."

"तू पाह्यलं?"

"हो. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. घरी गेला तो."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मंग काढ," म्हणाले.

रविवारी ते गेले. सोमवारी मी मॉनिटर लावला. त्यानंतर तो एकदाही काळा झालेला नाही, आणि मी आईजवळच आहे.

आता बटणाला हात लावण्याआधी मीही विचारते, लाइनवर कोणी आहे का? आई पलंगावरून सांगते, कोणी नाही. कधीकधी तिचा डोळा लागलेला असतो. मग तिला जाग येईपर्यंत मी थांबते.