पडद्याकडे पाठ

आमच्या बेटावरच्या सांत्र द फ्लाक गावच्या थिएटरात रविवारी भर दुपारी रात्र व्हायची. बाहेर डांबर उन्हानं मऊ झालेलं, बाजारातले शेवटचे भाजीवाले टोपल्या आवरत असलेले, आणि आत एकदा दारं लागली की आमच्या डोक्यांवरून निळसर उजेडाचा एक पट्टा निघायचा. त्यात धूळ तरंगायची. पिक्चर राहिलं बाजूला, मी कितीदा नुसती ती धूळच बघत बसायचे. लाकूप चालू असला, म्हणजे उसाची तोडणी चालू असली, की साखर कारखान्याचा गोड करपट वास आतपर्यंत यायचा. आज म्हातारपणी तो वास आला तरी मला वाटतं, आता दिवे जाणार.

सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची गोष्ट असेल. पडद्याच्या अगदी पुढ्यात, पाठ नसलेले लाकडी बाक होते. तिथं आम्ही बसायचो, आसपासच्या कामगार वस्त्यांतली पोरं. मागे खुर्च्यांवर मोठी माणसं, आणि ती आमच्या नावानं बोटं मोडत असायची. मोडणारच! पिक्चर हिंदी. आम्हाला ते अर्धं कळायचं आणि उरलेलं अर्धं आम्ही आरडाओरड्यानं भरून काढायचो. पिस्तास म्हणजे भुईमुगाच्या शेंगा. त्यांची टरफलं कुणाच्या तरी केसांत खोचल्याशिवाय आमचा रविवार साजरा होत नसे. बाकांच्या शेवटच्या टोकाला आमच्यातलाच देवानंद नावाचा पोरगा बसायचा. सोळा वर्षांचा, उसाच्या गाड्या भरून खांदे रुंद झालेला, दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायचा की पडद्यावरची नटीसुद्धा दचकेल. हिरो रडायला लागला की हा बेटावरच्या क्रेओल बोलीत त्याला सल्ले द्यायचा आणि सगळे बाक खदाखदा हसायचे.

या सगळ्या गोंधळावर बॅटरी घेऊन उभी राहायची ती आमची कुसुमावती काकी. खरं म्हणजे ते काम तिच्या नवऱ्याचं, हरिलालकाकाचं. आठवडाभर तो उसावर कामाला असायचा. तिथं पडला उसाच्या गाडीवरून, कंबर गेली, आणि अंथरुणाला खिळला. सिनेमाच्या मालकानं मग काकीला ठेवून घेतलं. बाईमाणूस आणि सिनेमात बॅटरी दाखवणार म्हणून आमच्या वस्तीत चार दिवस चर्चा झाली, पाचव्या दिवशी विसरली. लोकांना दुसऱ्याच्या घराची काळजी तेवढीच असते.

काकीची जागा बाकांच्या पुढे, पडद्याच्या खाली. तोंड आमच्याकडे, पाठ पिक्चरकडे. डोळ्यांत तेल घालून ती आमच्यावर नजर ठेवायची. हिरो-हिरॉईन तिच्या डोक्यामागे नाचायचे आणि त्यांचा उजेड फक्त तिच्या केसांच्या कडेला दिसायचा, कधी पांढरा, कधी करडा. मला ती त्या पिक्चरमधलीच कुणीतरी वाटायची, चुकून बाहेर उतरलेली.

सुरुवातीला तिनं आम्हाला धाक घातला तो आज्यांचा. "ए चंपे, तुझ्या आजीला सांगीन हां!" लहानांना ते लागू पडलं. मोठ्या मुलांच्या आज्या कुठल्या कुठल्या गावांत, काकीला त्यांची नावंही ठाऊक नाहीत. तिच्या नाकी नऊ आले. त्यातच एका रविवारी कुणीतरी फेकलेली शेंग मालकाच्या पाव्हण्याच्या टकलावर बसली.

मालक पोर्ट लुईहून मोटारीनं यायचा. वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या नाकावर माशी बसलेली त्याला चालत नसे. त्यानं काकीला दारात उभं करून आम्हा सगळ्यांच्या देखत सांगितलं, "लाकूप संपेपर्यंत बघतो. तोवर ही पोरं गप्प बसायला शिकली नाहीत, तर सुतार बोलावतो. बाक उखडून खुर्च्या बसवतो. मग या म्हणावं त्यांना."

खुर्चीचं तिकीट आमच्या घरांत कुणाला झेपणार होतं? बाक गेले की आमचा सिनेमा गेला. त्या दिवशी बसस्टॉपपर्यंत कुणी कुणाच्या केसांत टरफल खोचलं नाही.

काकीचे वडील गणपतीत झाकरीच्या नाचाला गाण्याची ओळ टाकायचे. मधे बसलेल्यानं ओळ टाकायची, भोवती फेर धरणाऱ्यांनी ती उचलायची, पाय आपटायचे, आणि पुढची ओळ येईपर्यंत गप्प. तोच तर झाकरीचा सगळा डौल. काकीला ते आठवलं असावं. पुढच्या रविवारी दिवे जायच्या आधी ती बॅटरी वर धरून झाकरीच्या चालीत ओरडली,

"अंधार आला, कोण कोण भ्याला?"

आम्ही चकित. मग कुणीतरी ओरडलं, "आमी नाय!"

"कोण कोण भ्याला?"

"आमी नाय, आमी नाय!" आणि धाडधाड पाय. सगळं थिएटर हादरलं. मागच्या खुर्च्यांनी कपाळाला हात लावला. काकीनं बॅटरी खाली केली, दिवे गेले, आणि आम्ही गप्प झालो. पोटातला सगळा आवाज बाहेर पडून गेला होता, शिल्लकच काही नव्हतं. पहिल्यांदाच मला पिक्चरमधलं पाणी वाहताना ऐकू आलं. किती छान वाटलं म्हणून सांगू!

लहान पोरं अशी वळणावर आली. देवानंद मात्र ऐकेल तर शपथ. झाकरीत तो सगळ्यांत जोरानं पाय आपटायचा आणि अंधार झाला की शिट्टी चालूच.

एकदा खेळ सुटल्यावर काकीनं त्याला बसस्टॉपजवळच्या बदामाच्या झाडाखाली गाठलं. आम्हाला वाटलं, आता पडतेय मुस्कटात. काकी म्हणाली, "देवानंद, तो घोडा शेवटी कुणाचा निघाला रे?"

"कुठला घोडा?"

"आयो! तू समोर तोंड करून बसला होतास ना? मी तर पाठ करून. टापा ऐकल्या, मंग बाई रडली. मधी काय झाला?"

देवानंदनं पाहिलंच नव्हतं. तो शिट्टी मारत होता. त्यानं काहीतरी थाप मारली, की घोडा चोरांचा होता.

"मंग ती बाई का रडली?"

तो दुसरी थाप शोधायला लागला. काकी चिडली नाही. तिचं तोंड एवढंसं झालं. "घरी ते इचारतात रे," ती म्हणाली. "आज काय झाला पिक्चरमधी, म्हणून. पडल्या पडल्या दिसभर माझी वाट बघतात. मी काय सांगू? पोरांची थोबाडं बघून आलो, ह्या सांगू?"

लोक पुढे म्हणायला लागले की कुसुमावतीनं त्या उनाड पोराला काय युक्तीनं सरळ केलं. युक्ती-बिक्ती काही नाही हो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिच्या आवाजातच ते कळत होतं, आणि देवानंदलाही कळलं. पुढच्या रविवारी त्यानं पुन्हा शिट्टी मारली, पण अर्धीच. त्याच्या पुढच्या रविवारी खेळ सुटल्यावर तो स्वतःच बदामाखाली जाऊन थांबला आणि बस येईपर्यंत काकीला हातवारे करत सगळं सांगितलं, थोडं मराठीत, थोडं क्रेओलमध्ये. तलवारी तर त्यानं अशा फिरवल्या की बसचा कंडक्टर उतरून ऐकायला आला. काकी मधे मधे म्हणायची, "आणि मंग?" ती बसमध्ये चढताना ओठ हलवत होती. घरी पोचेपर्यंत विसरू नये म्हणून.

असे रविवार गेले. उसाची शेतं एकेक करून उघडी पडत चालली. जिथं रस्ता उसात बुडालेला असायचा तिथं लांबवर डोंगर दिसायला लागले. आम्हाला ते डोंगर नकोसे वाटायचे, कारण लाकूप संपत आला होता.

शेवटच्या रविवारी मालक येणार हे सगळ्यांना माहीत होतं. पिक्चर आदल्या आठवड्याचंच होतं. एक आंधळी आई, नदीच्या पुरात हरवलेला तिचा मुलगा, तो मोठा होऊन नावाडी झालेला. एके दिवशी ती त्याच्याच नावेत बसते. वाटेत तो गाणं म्हणतो, आणि त्या आवाजावरून ती त्याला ओळखते. आम्ही झाकरी घातली, पाय आपटले आणि गप्प झालो. मालक अजून आला नव्हता. नाव किनाऱ्यावरून निघाली, पाण्यावर उन्हाचे कवडसे नाचायला लागले, आणि अचानक आवाज गेला.

चित्र चालू होतं. नाव चालली होती. आवाज मात्र नाही. वर मशीनवाला काहीतरी आपटत होता. मागून कुणीतरी ओरडलं, "पैसे परत!" एक खुर्ची सरकली. बाकांवर चुळबूळ झाली, एकानं पाय वर घेतला. आता आपटला की संपलं, हे मला कळत होतं.

तेवढ्यात देवानंद उभा राहिला. "काकी," तो शांतपणे म्हणाला, जसा काही तो बदामाखालीच होता, "ती आता नावंत बसली हाय. तो तिला इचारतो, आई, तुमाला कुठं जायाचा हाय?"

आणि काकीनं विचारलं, "मंग ती काय बोलली?"

उत्तर देवानंदनं दिलं नाही. आमच्या बाकावरून आलं. आठवडाभर आम्ही ते घोकलेलं होतं. एकानं आईचं बोलावं, देवानंदनं नावाड्याचं. गाणं आलं तेव्हा त्यानं ओळ टाकली आणि आम्ही उचलली. शब्द चुकत होते, चाल झाकरीकडे ओढत होती, पण नाव मात्र त्याच चालीवर डुलत होती. मागचे लोकही बसले. मला वाटलं, आपण सगळे त्या पाण्यावर आहोत आणि कधीच उतरायचं नाही.

काकीला आमच्याकडे बघण्यासारखं काही उरलं नाही. ती हळूच वळली आणि तिनं पडद्याकडे पाहिलं.

गाणं संपलं. आंधळी आई मान वर करून थांबली. आता मुलगा बोलणार. देवानंदनं श्वास घेतला.

दार धाडकन उघडलं. "की पे आरिवे? काय चाललंय इथं? कोण ओरडत होतं?"

सगळे बाक एकदम म्हणाले, "शूऽऽ!"

आणि काकी मागे न बघता बोलली, "पा कोझे! बोलू नको, बस खाली!" ते कुणाला, हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं. दाराच्या उजेडात मी मालकाची टोपी ओळखली होती. दार लागलं, अंधार झाला, आणि कुणीतरी जड माणूस चाचपडत येऊन माझ्या शेजारी बाकावर टेकला. मी सरकले.

"आई," देवानंद म्हणाला, "मी हाय."

माझ्या शेजारी कुणीतरी नाक ओढलं. खेळ संपेपर्यंत मालक तिथून हलला नाही. दिवे लागल्यावर तो उठायला गेला, तर त्याची पँट बाकाच्या एका वर आलेल्या खिळ्यात अडकून टर्रकन फाटली. कुणी हसलं नाही. तो टोपी मागे धरून कुणाशी न बोलता निघून गेला.

सोमवारी सुतार आला. आम्ही रस्त्याच्या पलीकडे उभे होतो. त्याच्या पेटीत करवत होती, पहार होती. देवानंद मुठी आवळून उभा होता, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यानं पुसलंही नाही. काकीनं कुलूप काढलं आणि दार धरून उभी राहिली. सुतार बाकांपाशी उकिडवा बसला, पेटी उघडली आणि हातोडी काढली. एकेका खिळ्यावर बोट फिरवत तो खिळे आत ठोकायला लागला.

काकीनं पदर तोंडाला लावला.

"नीट ठोक रे बाबा," ती म्हणाली. "रविवारी पोरं बसणार हायत."